घोड्याचा विश्वास कसा मिळवायचा: नव्या स्वारांसाठी, पहिल्या धड्यापासून

रायडिंग स्कूलमध्ये नाव घातलं की सगळ्यांचा डोळा खोगिरावर असतो. कधी एकदा रिकिबीत पाय घालतो, टांग टाकतो आणि कुणाकडून तरी फोटो काढून घेतो, असं होऊन जातं. हौसेला माझी ना नाही. पण घोडा तुम्हाला पाठीवर घेतो तोवर तुमच्याबद्दलचं त्याचं मत बरंचसं ठरलेलं असतं. ते ठरतं तबेल्यात. तुम्ही त्याच्याजवळ कसे गेलात, दोर कसा धरलात, तंग म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा कसा आवळलात, यावरून. म्हणून या लेखात निम्म्याहून जास्त वेळ आपण जमिनीवरच असणार आहोत.

घोडा आणि स्वार यांच्या नात्याबद्दल फार गोड गोड लिहिलं जातं. त्यातलं बरंचसं सोडून द्या. घोड्याच्या लेखी भरवशाचा माणूस म्हणजे ज्याचा अंदाज येतो तो. कालच्या खुणेचा जो अर्थ होता तोच आजही आहे, ऐकलं की दाब लगेच सुटतो, आणि उगाच काही दुखत नाही. एवढं ज्याच्याकडून मिळतं त्याच्यापाशी घोडा शांत उभा राहतो. गाजरं आणि गोंजारणं त्यानंतर.

घोड्याला जग कसं दिसतं

घोडा हा पळून जीव वाचवणारा प्राणी. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात आणि मान न वळवता त्याला जवळजवळ ३५० अंशांतलं दिसतं. दिसत नाही ते दोनच ठिकाणी: कपाळाच्या अगदी समोर, नाकाखालच्या भागासकट, आणि शेपटीच्या थेट मागे. ‘साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये’ असं आपल्याकडे म्हणतात. साहेबाचं तुमचं तुम्ही बघा, घोड्याचं कारण हे. मागून जावंच लागलं तर एकतर दहा-बारा फूट लांबून जा, नाहीतर पुठ्ठ्यावर, म्हणजे मागच्या मांसल भागावर, हात ठेवून, बोलत बोलत, अंगाला अगदी लगटून जा. मधलं अंतर सगळ्यात वाईट. लाथेचा पूर्ण जोर तिथेच बसतो.

नाकाखालचं दिसत नाही म्हणूनच खाऊ द्यायचा तो तळहात सपाट करून आणि अंगठा तळव्याला चिकटवून. घोडा ओठांनी आणि मिशांनी चाचपून घेतो. चिमटीत धरून गाजर दिलंत तर गाजर कुठे संपलं आणि बोट कुठे सुरू झालं हे त्याला कळायला मार्ग नसतो.

कान वेगवेगळे फिरतात, आणि कान जिकडे, लक्ष तिकडे. एक कान तुमच्याकडे वळलेला असेल तर तो तुमचं ऐकतोय. दोन्ही कान मागे, मानेला चिकटलेले असतील तर हात आवरा. दोन्ही सैल, बाजूला लोंबल्यासारखे असतील तर बहुतेक डुलकी लागली आहे. मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांच्या कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकतात, त्यामुळे नवख्याची सुरुवातीला फसगत होते. तिथे टोकांकडे न बघता कानाचं बूड कुठे वळलंय ते बघायचं.

राहिली कातडी. अंगावर माशी बसली तर घोडा तेवढीच जागा थरथरवून तिला उडवतो. ज्याला माशी कळते त्याला तुमची टाच किती कळत असेल!

आता एक जुनी गोष्ट, कारण या विषयात तिच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. बर्लिनमध्ये १९०४ च्या सुमारास हान्स नावाच्या घोड्याचा फार बोलबाला झाला होता. गणित विचारलं की हा खुराने तितके ठोके द्यायचा आणि बरोबर आकड्यावर थांबायचा. मालक फॉन ओस्टेन हे निवृत्त शिक्षक, लबाडी करणारे नव्हेत. मानसशास्त्रज्ञ ऑस्कर फुंग्स्ट यांनी नीट तपासलं तेव्हा उलगडा झाला. विचारणाऱ्याला स्वतःला उत्तर माहीत नसेल किंवा विचारणारा माणूस दिसत नसेल, तर हान्सचं गणित कच्चं! बरोबर ठोका आला की विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित हलायचं, खांदे सैल व्हायचे, आणि हान्स ते टिपून थांबायचा. समोरच्या माणसांना जे स्वतःच्या अंगात होतंय हे कळत नव्हतं, ते घोड्याला कळत होतं. तेव्हा ‘मी घाबरलोय हे मी त्याला कळू देत नाही’ या भ्रमात राहू नका. भीती लपवता येत नाही. श्वास मात्र मुद्दाम लांब सोडता येतो, आणि तेवढं पुष्कळ होतं.

पायरी १: तबेल्यात पोचण्याआधी

थोडी टाच असलेले बूट घाला, म्हणजे पाय रिकिबीतून आरपार जाऊन अडकणार नाही. सँडल नकोत, चप्पल तर नकोच. हनुवटीखाली पट्टा बांधायचं हेल्मेट हवं, आणि तो पट्टा बांधलेला हवा. यावर मी वाद घालत नाही.

धड्याच्या अर्धा तास आधी पोचा आणि पहिली ओळख सईसाशी करून घ्या. सईस म्हणजे आपला जुना मोतद्दार. उस्ताद तुम्हाला बसायला शिकवतील, पण हा घोडा डाव्या कानाला हात लावू देत नाही, त्या घोडीला शेजारच्या ठाणातली पांढरी घोडी खपत नाही, हे सईसालाच माहीत असतं. चंदी (म्हणजे दाणा), वैरण, पाणी, खरारा (अंग घासून साफ करणं), लीद काढणं हे सगळं तोच करतो. घोड्याचा पहिला विश्वास त्याच्यावर असतो. त्याच्याशी दादा, काका म्हणून दोन शब्द बोलाल तर पुस्तकात न सापडणारी माहिती मिळेल.

खायला काही न्यायचं तर विचारून न्या. घोड्याला उलटी होत नाही. पोटात गेलेलं चुकीचं काही परत बाहेर यायची सोय नाही, आणि पोटशूळाने घोडे दगावतात. गाजर द्यायचं तर उभे काप करा, गोल चकत्या घशात अडकू शकतात.

पायरी २: जवळ जाणं

डाव्या खांद्याच्या रोखाने, थोडं तिरकं, साधी चाल ठेवून जा. जाताना बोला. काय बोलता याला महत्त्व नाही, भाजीचे भाव सांगितले तरी चालतात. एक पाऊल अलीकडे थांबा आणि हाताची मागची बाजू पुढे करून त्याला वास घेऊ द्या. त्याने तोंड फिरवलं तर पुढे सरसावू नका. थांबा. नाही म्हटल्यावर हा माणूस थांबतो, हे घोड्याला कळलेलं फार कामाचं.

पहिला हात कपाळावर नको, तिथलं त्याला नीट दिसत नाही. थोपटण्यापेक्षा खाजवा. आयाळ जिथे संपते आणि पाठ सुरू होते तिथे उंचवटा असतो, त्याच्या आसपास. कळपात दोन घोडे समोरासमोर उभे राहून एकमेकांची हीच जागा दातांनी खाजवतात, आणि तिथे खाजवल्यावर घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात असं मोजून पाहिलेलं आहे. बरोबर जागा सापडली की मान लांब होते, वरचा ओठ पुढे येऊन वळवळायला लागतो. फड्‌फड् थोपटणं हा माणसांनी माणसांसाठी काढलेला प्रकार आहे. घोडे ते निमूट सहन करतात, इतकंच.

पायरी ३: खरारा

हा भाग सईसावर सोडून लोक कॉफी प्यायला जातात. जाऊ नका. घोड्याला तुमचा हात कळण्याची याहून चांगली संधी मिळत नाही.

बांधायचं ते मोरकीच्या, म्हणजे तोंडावरच्या बिट नसलेल्या साजाच्या, दोराने, छातीच्या उंचीवर, सुरगाठीने. एक टोक ओढलं की सुटली पाहिजे अशी गाठ. लगामाने कधीच बांधायचं नाही. बिचकून मागे सरला तर सगळा झटका तोंडात बसतो. मग मानेपासून सुरुवात करा. रबरी खराऱ्याने मांसल भागावर गोल गोल, मग ताठ ब्रशने केसांच्या दिशेने झटके, शेवटी मऊ ब्रश. गुडघे, नळ्या, तोंड अशा हाडाच्या जागी ताठ ब्रश नको. एक हात कामाला, दुसरा कायम अंगावर, म्हणजे तुम्ही कुठे आहात हे त्याला सतत कळत राहतं.

आणि बघत राहा. पोटाखाली गेल्यावर शेपटी फटकन हलली का? कातडी थरथरली का? मागचा पाय उचलल्यासारखा झाला का? ही सगळी ‘इथे जरा हळू’ असं सांगण्याची त्याची पद्धत आहे. तिथे दाब कमी करा, पण हात काढून पळू नका. थोडा वेळ तसाच ठेवून, तो स्थिर झाला की काढा. दोन-चार दिवसांनी त्याच जागी शेपटी हलत नाही, तेव्हा काहीतरी जमलं असं समजायला हरकत नाही.

खूर उचलताना शेपटीकडे तोंड करून खांद्यापाशी उभे राहा, हात खांद्यावरून खाली सरकवत घोट्यापर्यंत न्या आणि तिथे हलकं दाबा. पाय उचलला की धरा. टाचेकडून पुढे असं खुरातलं माती-शेण काढा, पण मधल्या मऊ त्रिकोणाला टोचू नका. झालं की पाय खाली ठेवा, टाकू नका. चार पायांवर उभं राहून पळणाऱ्या प्राण्याने तुमच्या हातात एक पाय देणं ही लहान गोष्ट नाही.

जाता जाता तंगाबद्दल. खोगीर ठेवल्यावर तंग एका दमात कचकन आवळू नका. बरेच घोडे तंग दिसला की कान पाडतात, चावायला तोंड वळवतात, पोट फुगवतात, आणि लोक त्याला खोडसाळ म्हणतात. आधी नुसता टेकेल इतका लावा, घोडा चार पावलं चालवा, एक भोक वाढवा, आणि बसण्याआधी पुन्हा एकदा बघा. यात दोन मिनिटं जास्त जातात.

पायरी ४: हातात दोर धरून चालणं

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी ही. रायडिंग स्कूलमध्ये ती सगळ्यात लवकर उरकली जाते.

खांद्यापाशी उभे राहा. उजव्या हातात मोरकीपासून वीतभर खाली दोर, उरलेला दोर घड्या घालून डाव्या हातात. हाताला वेढा कधीही द्यायचा नाही. घोडा उधळला तर वेढा सुटत नाही, बोटं जातात. आता पुढे बघून चालायला लागा. नवखा काय करतो? वळून घोड्याकडे तोंड करतो आणि दोर ओढतो. घोडा चार पाय रोवून उभा राहतो. रस्सीखेचीत साडेचारशे किलोच्या प्राण्यापुढे तुमचा टिकाव लागणार नाही, तेव्हा तो खेळ सुरूच करू नका.

त्याऐवजी असं करा. दोरावर थोडा ताण द्या, तेवढाच ठेवा, वाढवू नका आणि सोडूही नका. घोडा विचार करेल. मग नुसतं वजन पुढच्या पायावर घेईल, पाऊल टाकणारही नाही कदाचित. त्याच क्षणी दोर सैल सोडा. उशीर नको, त्याच क्षणी. पुन्हा ताण, पुन्हा हालचाल, पुन्हा सैल. घोडा दाबाने शिकत नाही, दाब सुटण्याने शिकतो. आपण कधी सोडतो यावरून त्याला आपलं म्हणणं कळतं. पाऊल टाकल्यावरही दोर ताणलेलाच राहिला, तर ऐकलं काय आणि नाही ऐकलं काय, सारखंच, असा धडा तो घेतो. पुढे खोगिरात बसल्यावर टाच आणि लगाम यांचंही गणित हेच आहे. ते इथे, पाय जमिनीवर असताना हातात बसवून घ्या.

मग थांबणं. तुम्ही श्वास सोडा, थांबा. तो थांबला नाही तर दोर आठवण करून देईल. थोड्या वेळाने दोर ताणायच्या आधीच, नुसत्या तुमच्या थांबण्यावर घोडा थांबायला लागतो. हान्स आठवला ना? मग दोन पावलं मागे, डावीकडे वळण, उजवीकडे वळण. तुमच्या अंगावर चालून येत असेल तर त्याला मागे सरकवा, पण चिडून नको. माणसाची एक जागा असते आणि तिथे शिरायचं नसतं, हेही त्याला कळायला हवं. लाडावलेला घोडा घाबरलेल्या घोड्याइतकाच पाय चिरडतो.

पायरी ५: मांड

चढताना शक्य असेल तिथे ओटा किंवा ठोकळा वापरा. जमिनीवरून चढलं की सगळं वजन एका बाजूला लटकतं आणि खोगीर मणक्यावर ओढलं जातं. बुटाचं टोक बरगडीत खुपसू नका, आणि वर गेल्यावर धप्पकन बसू नका. बसलात की लगेच निघू नका. लगाम नीट घ्या, दोन श्वास घ्या, मग चला.

लगामाचं बिट घोड्याच्या तोंडात पुढचे दात आणि दाढा यांच्या मधल्या मोकळ्या जागेत बसतं. तिथे हाडावर हिरडीचा पातळ थर असतो, बाकी काही नाही. दुडक्या चालीत तोल गेला की नवखा लगामाला लोंबकळतो, आणि जमिनीवर मिळवलेलं सगळं त्या एका मिनिटात खर्ची पडतं. म्हणून उस्तादांना सांगून सुरुवातीचे धडे लंजवर मागा. लांब दोर त्यांच्या हातात, घोडा गोल फिरतोय, तुमचे हात लगामावेगळे. तोल गेला तर आयाळ धरा किंवा गळ्यातला पट्टा धरा. आयाळ ओढल्याचं घोडा मनावर घेत नाही.

खुणांचा क्रम ठरवून घ्या आणि मोडू नका: आधी बैठक आणि श्वास, मग पिंढरी, मग लागलाच तर लगाम. चालायला सांगताना पिंढरी हलकी दाबा. तो निघाला की पाय शांत. प्रत्येक पावलाला टाच मारणाऱ्या स्वाराकडे घोडा तितकंच लक्ष देतो जितकं पुणेकर सतत हॉर्न वाजवणाऱ्या रिक्षाकडे देतात. मग लोक म्हणतात घोडा ‘मठ्ठ’ आहे.

पायरी ६: घोडा बुजला तर

निळी ताडपत्री, उडालेली प्लास्टिकची पिशवी, गणपतीत ढोलपथकाचा सराव, दिवाळीतले फटाके. बुजणार म्हणजे बुजणारच. चाबूक मारला तर त्याच्या हिशेबात ताडपत्री आणि वेदना यांची कायमची गाठ पडते. ओढत जवळ नेऊन ‘बघ, काही नाही’ हेही नको. खोल बसा, श्वास सोडा, नजर त्या वस्तूवर न ठेवता जिथे जायचंय तिथे ठेवा, आणि लांबून, त्याला सोसेल इतक्या अंतरावरून फेऱ्या मारा. कान पुन्हा तुमच्याकडे वळला की अंतर थोडं कमी करा. एका दिवसात ताडपत्रीपर्यंत पोचलंच पाहिजे असं नाही.

उधळला तर दोन्ही लगाम एकदम गच्च ओढून उपयोग नसतो, तो उलट त्यावर रेलून पळतो. एका लगामाने मोठ्या वर्तुळात घ्या आणि वर्तुळ हळूहळू लहान करा. भरधाव असताना झटकन तोंड वळवलं तर घोडाच पडू शकतो, म्हणून याचा सराव सावकाश चालीत उस्तादांसमोर आधी करून ठेवा. आणि घोडा उभा असताना पुढे काय होईल याची धास्ती वाटली तर उतरा. उतरणं म्हणजे हार, असं सांगणारे पुष्कळ भेटतील. त्यांना सांगू दे.

स्कूलचा घोडा, माथेरानचा घोडा

मराठी फौजेत ज्याचा स्वतःचा घोडा तो शिलेदार, आणि ज्याला सरकारी पागेतला घोडा मिळे तो बारगीर. आपण बहुतेक सगळे बारगीरच. स्कूलच्या घोड्यावर दिवसभरात बरेच लोक बसतात, आणि निम्मे लगामाला लोंबकळून जातात. त्याने पहिल्या आठवड्यात तुम्हाला वेगळं ओळखावं ही अपेक्षा नको. शक्य असेल तर काही आठवडे एकच घोडा मागून घ्या.

दुसरं म्हणजे तो आज किती उभा आहे ते विचारा. भाकरी का करपली, पान का सडलं, घोडा का अडला? न फिरवल्यामुळे. हे कोडं लहानपणी सगळ्यांनी ऐकलेलं असतं, आणि तबेल्यात ते शब्दशः खरं आहे. सुट्टीच्या दिवशी पूर्ण चंदी खाऊन उभ्या राहिलेल्या घोड्याला दुसऱ्या दिवशी कामाला लावलं की कधी कधी त्याचे पुठ्ठे आखडून दगडासारखे होतात. या दुखण्याला इंग्रजीत सोमवारचा आजार म्हणत आले आहेत. आखडला नाही तरी तो उड्या मारणारच. बसण्याआधी लंजवर फिरवून घ्या, आणि त्याला ‘मस्तीखोर’ म्हणू नका.

माथेरानला मोटारींना बंदी असल्यामुळे दस्तुरी नाक्यापासून पुढे घोडा हे खरोखरचं वाहन आहे. तिथे अर्ध्या तासात नातं वगैरे जुळत नाही, पण घोड्याचा त्रास कमी करता येतो. खोगिराखाली पाठीला जखम नाही ना, पाय लंगडत नाही ना, ते बघा. असेल तर दुसरा घोडा घ्या. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्श्याच्या आत असावं असा ढोबळ नियम आहे. लहान चणीच्या तट्टावर धिप्पाड माणसाने बसू नये. चढाला थोडं पुढे झुका, उताराला सरळ बसा, आणि घोडेवाल्यादादांना घोड्याचं नाव विचारा.

विकत घेण्याची उबळ बहुतेकांना एकदा येतेच, विशेषतः मार्गशीर्षात दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत तापीकाठी शेकडो घोडी पाहिली की. तिथे भोवरे, रंग, पंचकल्याणी (चारही पाय आणि कपाळ पांढरं) आहे का, यावर तासन्‌तास चर्चा चालते. तुम्ही मालकाने कानाला, पायाला हात लावला की घोडा कसा उभा राहतो ते बघा. आणि पहिल्या वर्षी घेऊ नका.

जमतंय का, हे कसं ओळखायचं

तुम्ही ठाणात शिरल्यावर तो खायचं थांबवत नाही. खरारा चालू असताना एक मागचा पाय सैल सोडून उभा राहतो. सावकाश चालीत लगाम सैल केला की मान खाली, लांब करतो आणि फुरफुरतो. ओठ चाटले, जबडा हलवला की ‘आता विश्वास बसला’ असं काही जण सांगतात. बऱ्याचदा तो फक्त ताण ओसरल्याचा परिणाम असतो, त्यावर फार इमारती बांधू नका.

उलट खूण जास्त महत्त्वाची. कालपर्यंत शांत असलेला घोडा आज तंग लावताना चावायला आला, एका बाजूला वळेना, चढताना पाठ दबवायला लागला, तर त्याचा स्वभाव बिघडला असं समजू नका. आधी दुखणं शोधा. खोगीर काढून पाठीवरून, मणक्याच्या दोन्ही बाजूंनी बोटं सावकाश दाबत न्या आणि कुठे दबतो ते बघा. घामाचा डाग दोन्हीकडे सारखा आहे का, मध्येच कोरडा ठिपका आहे का, ते बघा. तसा ठिपका म्हणजे तिथे खोगीर रुतत असण्याची शक्यता. नाल सैल झाली आहे का? चंदी खाताना तोंडातून दाणे सांडतायत का? सांडत असतील तर दाढांना धार आली असेल, ती डॉक्टरांकडून कानशीने घासून घ्यावी लागते. जे दिसेल ते सईसाला आणि उस्तादांना त्याच दिवशी सांगा, आणि तोवर त्याच्यावर बसू नका.